डॉक्टरांची डावी भुवई

"यंदा डॉक्टरांचा चेंडू मी त्यांच्या हातातच वाचणार! टप्पा पडायच्या आत! बघाच तुम्ही!"

असं गरजून शंकारावांनी हातातला कागद टेबलावर आपटला. शाईची दौत टुणकन उडाली. छापखान्यातली यंत्रं जेवणाच्या सुट्टीसाठी नेमकी तेव्हाच थांबली होती, म्हणून ही प्रतिज्ञा पार दारापर्यंत ऐकू गेली. दोन मिनिटं आधी केली असती तर खडखडाटात विरून गेली असती आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं!

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा अक्षरं शिशाची असत, एकेक हाताने उचलून जुळवावं लागे, आणि छापखान्यातून घरी आलेल्या माणसाला आधी साबण आणि मग चहा मिळे. शंकाराव तिथे मुद्रितशोधक होते. म्हणजे मजकूर छापायच्या आधी त्यातल्या चुका हुडकायच्या. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? एखादी ओळ निर्दोष निघाली की ते ती पुन्हा पहिल्यापासून तपासत. "एवढी सरळ आहे, म्हणजे नक्की काहीतरी लपवतेय!" ही नजर मग छापखान्याबाहेरही त्यांच्याबरोबर हिंडे. दूधवाला हसला की ते दुधात बोट बुडवून बघत. डब्यात आवडीची भाजी निघाली की बायकोच्या हातून आज काय फुटलं असेल, याचा विचार करत जेवत. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव मागे पडलं आणि ते सगळ्यांचे शंकाराव झाले. हे नाव कुणी पाडलं, याबद्दलही त्यांना तिघांचा संशय होता.

दरवर्षी थंडी पडली की छापखाना विरुद्ध दवाखाना असा क्रिकेटचा सामना होई. दवाखान्याच्या संघात दातांचे डॉक्टर होते. गोलमटोल, गुळगुळीत, सदा हसरे. दोन पावलं टाकून ते असा चेंडू सोडत की तो आधी वर जाई, वाटेत ओळखीपाळखीच्यांची चौकशी करी आणि मग सावकाश खाली उतरे. दिसायला अगदी गरीब गाय! पण जमिनीला टेकला की कधी आत वळे, कधी बाहेर. शंकाराव आत येणाऱ्याला बाहेरचा समजत, बाहेर जाणाऱ्याला आतला. मग मागून स्टंप पडल्याचा आवाज येई आणि पुढून डॉक्टरांचा, "अरेरे!"

त्या 'अरेरे'चाच त्यांना जास्त राग होता. वेगवान गोलंदाजाला ते कधी घाबरले नाहीत. "तो निदान उघडपणे मारायला येतो हो! हा माणूस हसत हसत येतो!"

"वाचा की, हातात वाचा, पायात वाचा," फोरमन डबा उघडत म्हणाला. छापखान्याच्या संघाचा कप्तानही तोच. "पण एक सांगून ठेवतो, शंकाराव. यंदा डॉक्टरांच्या चेंडूवर आउट झालात, तर पुढच्या वर्षी तुमच्या जागी माझा मेव्हणा खेळणार."

"आणि मी?"

"तुम्ही अंपायर! पांढरा कोट. मानाचं काम आहे."

मेव्हणा! शंकारावांना सगळा कट आरपार दिसला. पण त्याहून जिव्हारी लागली ती कोटाची कल्पना. वर्षभर लोकांच्या चुका दाखवत बसायचं आणि वर्षातून एक दिवस, फक्त एक दिवस, स्वतः काहीतरी करून दाखवायचं. त्यांची बॅट कपाटात लग्नातल्या कोटाशेजारी टांगलेली असे आणि कोटापेक्षा जास्त निगुतीने ठेवलेली असे. तो दिवसही गेला आणि तिथेही दुसऱ्यांच्या चुकाच दाखवायच्या, तर मग जगायचं कशासाठी?

"मान्य!" ते म्हणाले.

त्यांचं शास्त्र असं होतं: फिरकी बोटांत नसते, मनगटात असते. मनगट ओळखलं की माणूस ओळखला. त्या दिवसापासून ते लोकांच्या तोंडाकडे बघेनासे झाले. सगळं लक्ष मनगटावर! बसचा कंडक्टर तिकीट फाडतो तेव्हा अंगठा कुठे वळतो? शिंपी कात्री फिरवतो ती कुठल्या अंगाने? बायको बरणीचं झाकण उघडायला लागली की हे नाकाजवळ डोळे नेऊन उभे.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"मनगट."

"लग्न झाल्यावर इतक्या वर्षांनी?"

ती शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे जगात कोण कुठे आहे आणि कुठे असायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा स्वयंपाकघरात असायला नको होता. तिने त्यांना बाहेर काढलं.

बाहेर शेजारचे काका नेमके आपल्या दाराचं कुलूप उघडत होते. शंकाराव जिन्याच्या कठड्याआड वाकून बघत राहिले. किल्ली आत, अर्धा वळसा, मनगट बाहेर... काकांनी मान वळवली.

"काय हो?"

"काही नाही. पुन्हा एकदा लावून उघडता का? जरा सावकाश?"

काकांनी पुन्हा लावलं नाही की उघडलं नाही. आत गेले, धाडकन दार लावलं आणि दुसऱ्याच दिवशी नवं, चांगलं हातभर कुलूप आणलं. शिवाय जिन्यात भेटतील त्या सगळ्यांना सांगून ठेवलं, "माणूस सुशिक्षित दिसतो, पण लक्ष ठेवा."

आता शंकारावांचा लोकांवर संशय आणि लोकांचा शंकारावांवर! पण त्यांची खात्री पटली होती. सटरफटर मनगटं बघून भागणार नव्हतं. मूळ मनगटच जवळून बघायला हवं. आणि ते मनगट दिवसभर लोकांच्या तोंडासमोर चालतं, हे आठवताच ते टाळी वाजवून उठले.

"अगं, माझी दाढ दुखतेय!"

"दुखतेय? मघाशी याच दाढेखाली अक्रोड फोडलात!"

"म्हणूनच दुखतेय."

"आणि त्याचा एवढा आनंद?"

पण तोवर ते चपला घालून निघालेसुद्धा.

शंकाराव दवाखान्यातल्या त्या उंच खुर्चीत बसले तसे डॉक्टर नेहमीसारखे हसले. "या, या! आज इकडे कसे? दोन आठवड्यांवर सामना आलाय."

"सामन्याचा काही संबंध नाही!" शंकाराव इतक्या जोरात म्हणाले की डॉक्टरांचं हसू थोडं आखडलं.

"बरं. कुठली दाढ?"

"वरची. डावी. म्हणजे... मागची."

"दुखते कशी?"

"कधी आत वळते, कधी बाहेर."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. खुर्ची मागे झुकवली. शंकारावांनी आ वासला.

"अहो, मी अजून सांगितलं नाही. तोंड कशाला उघडलंत?"

"तयारी!"

"तयारी. बरं." डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला. शंकारावांचे डोळे मनगटावर खिळले. मनगट ढिम्म हलेना! लबाड माणूस, मुद्दाम स्थिर ठेवतोय!

"ही दाढ तर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "घोडा लाजेल अशी! पण हिच्या शेजारची मात्र किडलीय. भरावी लागेल."

"आँ?"

"काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांची डावी भुवई हळूच वर गेली, एखाद्या मांजरासारखी पाठ उंचावून.

पुढच्याच क्षणी शंकारावांच्या डोळ्यांसमोर दिवसा तारे चमकले! दाढेतून निघालेली कळ टाचेपर्यंत गेली आणि परत आली. पण त्या कळेतसुद्धा त्यांच्या डोक्यात एक दिवा लागला. भुवई! फसवायचं असलं की भुवई वर!

"आता चूळ भरा," डॉक्टर म्हणाले. भुवई खाली. चूळ ही नुसती चूळच निघाली.

"आता परत जरासं. अजिबात कळणार नाही." भुवई वर!

"आयाय्याय्या!" शंकाराव ओरडले. दुखलं होतं खरं, पण ओरडण्यात निम्मा आनंद होता. बाहेर बाकावर बसलेले दोन रोगी मात्र तेवढं ऐकून घरी गेले.

एका पुराव्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तर मुद्रितशोधकाची शिकवणच. पहिलं प्रूफ झालं की दुसरं बघायचं. म्हणून चार दिवसांनी "जरा खरखरीत लागतंय" म्हणत ते पुन्हा गेले. डॉक्टरांनी घासलं, पुसलं, चकचकीत केलं. हल्ली दातात काय भरलंय ते कळतसुद्धा नाही. तेव्हा चांदीसारखं लखलखीत भरत, आणि माणूस मनापासून हसला की चारचौघांना दिसे. डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडात आपलं काम कौतुकाने न्याहाळलं.

"पुन्हा त्रास होणार नाही," ते म्हणाले. भुवई खालीच. खरंच झाला नाही.

"तुम्ही माझ्या तोंडाकडे सारखे का बघताय?" डॉक्टरांनी अचानक विचारलं.

"तुम्ही नाही का माझ्या बघत?"

डॉक्टर हसले. पण दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मनगटं झाकून! शंकाराव मनात म्हणाले, झाका, झाका! खजिना वर उघडाच राहिलाय!

आता उरला सराव. खोलीखोलीतून जाणारा लांब बोळ, एका टोकाला शंकाराव बॅट घेऊन, दुसऱ्या टोकाला बायको लोकरीचा गुंडा घेऊन.

"फसवा, म्हणजे बाहेर जाणारा, टाकायचा असेल तेव्हा डावी भुवई वर कर."

तिने प्रयत्न केला. दोन्ही वर गेल्या.

"दोन्ही गेल्या तर काय समजायचं?"

"दूध उतू जातंय असं समजा! टाकू का?"

तिने टाकला. शंकाराव धावत पुढे गेले, अर्ध्या वाटेत विचार बदलला, मागे वळले आणि बॅटसकट फुलदाणीवर आदळले. फुलदाणी गेली! लोकर त्यांच्या पायांत गुंडाळली गेली, ती वेगळीच.

"अहो, तळ्यात मळ्यात काय खेळताय?" ती काचा गोळा करत म्हणाली. "पुढे जायचं तर पार चेंडूपर्यंत जा. नाहीतर आपल्या घरात थांबा. मधे थांबून कुणाचं भलं झालंय? आणि ते तोंड मिटा आधी! गुंडा आत जाईल एखाद्या दिवशी."

"तोंडाचं राहू दे. भुवई नीट कर."

"मला एक सांगा. हात बघायचा, भुवई बघायची, सगळं बघायचं. मग चेंडू कुणी बघायचा?"

"म्हणजे?"

"पडू दे की त्याला! पडला की दिसेलच कुठे वळतोय ते. एवढ्या सावकाश येतोय बिचारा. तुम्हाला कसली घाई?"

शंकारावांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. इतकं सोपं? इतकं सरळ? म्हणजे नक्कीच यात काहीतरी काळंबेरं आहे!

"तुला डॉक्टर भेटले होते का?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर तिने गोलंदाजीचा राजीनामा दिला.

सामन्याच्या दिवशी शाळेमागचं मैदान माणसांनी फुललं होतं. शेजारचे काकासुद्धा आले होते. शंकाराव मैदानात असेपर्यंत घर सुरक्षित आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. फोरमनचा मेव्हणा कोरे पॅड बांधून पहिल्या रांगेत बसला होता.

"हा का पॅड बांधून बसलाय?" शंकारावांनी विचारलं.

"सवय व्हावी म्हणून," फोरमन म्हणाला.

शंकाराव खेळायला उतरले आणि डॉक्टरांनी टोपी काढून अंपायरकडे दिली. दुपार कलत आली होती. ऊन डॉक्टरांच्या पाठीमागून येऊन थेट शंकारावांच्या तोंडावर पडत होतं. आपल्या टोपीच्या कडेखालून त्यांनी डोळे बारीक केले. हात नाही, चेंडू नाही; फक्त भुवई!

पहिला चेंडू. भुवई खाली. म्हणजे साधा, आत येणारा. शंकाराव मागे राहिले, बॅट सरळ ठेवली. टक्! चेंडू बॅटवर! इतक्या वर्षांत प्रथमच!

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले.

दुसरा. भुवई खाली. टक्! प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. मेव्हण्याने एका पॅडचा पट्टा सैल केला.

तिसरा चेंडू टाकायला डॉक्टर वळले, दोन पावलं आले आणि डावी भुवई सावकाश, डौलाने वर गेली. बाहेर जाणारा! शंकाराव बायकोने सांगितल्याप्रमाणे पार पुढे गेले, आ वासून आकाशातल्या चेंडूकडे पाहिलं आणि घातली बॅट! चेंडू काकांच्या डोक्यावरून थेट शाळेच्या भिंतीवर!

काय तो जल्लोष! अक्षरं जुळवणारे जुळारी नाचले. यंत्रावरच्या माणसाने शिट्टी मारली. बायको टाळ्या वाजवता वाजवता उभी राहिली. शंकाराव बॅटवर रेलून असे उभे होते, जणू जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं. वाचला! अक्षरन् अक्षर वाचला! आणि आनंदाच्या भरात ते डॉक्टरांकडे बघून चांगलं मोठ्ठं हसले.

डॉक्टर त्यांच्या हसण्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. मग चेंडू शर्टाला पुसत परत गेले.

हा असा का बघतोय? शंकारावांच्या मनात पाल चुकचुकली. मागचे स्टंप चाचपून पाहिले, तीनही जागेवर. बुटाची नाडी पाहिली, बांधलेली. मग काय बघत होता?

चौथा चेंडू. दोन पावलं. भुवई वर! बाहेर जाणारा, पुन्हा तसाच! शंकारावांच्या अंगात वीज संचारली. पुढे जायचं ठरलं, मान वर झाली, पाऊल उचललं...

आणि काय झालं कोण जाणे, डॉक्टरांचा हात शेवटच्या क्षणी जरासा अडखळला. चेंडू आणखी उंच गेला, आणखी सावकाश झाला आणि शंकारावांपासून पार दूर, बाहेर जाऊन पडला. शंकाराव जिथे पोचले होते तिथे चेंडू नव्हता. बॅट हवेत फिरली, तिच्यामागे शंकाराव फिरले, आणि दोन गिरक्या घेऊन ते खेळपट्टीच्या मधोमध बसले. मागे विकेटकीपरने चेंडू झेलला, चष्मा सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि निवांतपणे एक स्टंप उडवला.

"अरेरे!" डॉक्टर म्हणाले.

मेव्हण्याने पट्टा पुन्हा आवळला.

सामना संपल्यावर चहाच्या वेळी शंकारावांना राहवेना. पांढऱ्या कोटाचं त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. पण एक चूक कुठे राहिली ते कळल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. ते डॉक्टरांजवळ गेले.

"खरं सांगा. मी पुढे येणार हे तुम्हाला आधी कळलं होतं. कुणी सांगितलं? फोरमनने?"

"छे हो!"

"मेव्हण्याने?"

"नाही."

"माझ्या बायकोने?"

"अहो, तुम्हीच सांगितलंत!" डॉक्टर हसत म्हणाले. "खुर्चीत असताना पाहिलंय मी. काही करायचं ठरलं की तुमचं तोंड आधी उघडतं. मैदानात तेच! मागे राहणार असलात की बंद, पुढे येणार असलात की आ! आणि वरची डावी दाढ, अशी उन्हात लखलखली म्हणता! इथवर तिरीप आली. म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम! दिसली चमक की टाकला लांब."

शंकारावांनी तोंड उघडलं, मग पटकन मिटलं. फसवणाऱ्या माणसाचं गुपित शोधायला ते त्याच्या घरात शिरले होते, आणि येताना स्वतःच्या तोंडात त्याचा दिवा लावून घेऊन आले होते!

घरी जाताना बायकोने बॅट आपल्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "तो फटका मात्र छान होता हं."

त्यांनी चमकून तिच्या भुवयांकडे पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होत्या. त्यांना एकदम बरं वाटलं.

"ते भुवईचं तेवढं सांगून टाका त्या मेव्हण्याला," ती म्हणाली. "उपयोगी पडेल पोराला."

"मुळीच नाही! मला त्याचा भरवसा वाटत नाही."

पुढच्या थंडीत शंकाराव पांढरा कोट घालून उन्हात उभे होते. कोट त्यांना शोभत होता, असं सगळे म्हणाले. कशासाठी म्हणाले, याचा ते विचार करत असतानाच डॉक्टरांचा चेंडू मेव्हण्याच्या पॅडवर आदळला.

"हाऊज दॅट?"

फोरमन उठून उभा राहिला. शंकारावांनी स्टंप पाहिले, पॅड पाहिलं, मेव्हणा पाहिला, सगळं तीनदा तपासलं. निर्णय अजून कुणालाच दिला नव्हता. हात कोटाच्या खिशातच होता.

आणि डॉक्टर मात्र नाचायला लागले!

शंकारावांनी घाईघाईने तोंड मिटलं आणि मग बोट वर केलं.